उपाशी कोंबडी आणि लंघनाचा दाखला

लंघनाचे महत्त्व सांगताना प्राणिप्रयोगांचे दाखले दिले जातात. त्यांत ब्रॉयलर कोंबडीवरील निरीक्षणेही असतात. या पक्ष्याच्या शरीरात उपवासकाळी काय घडते, हे वैद्यबंधूंपुढे मांडणे आम्हास आवश्यक वाटते.

ब्रॉयलर हा झपाट्याने मांस धरावे म्हणून पैदास केलेला, सतत खाणारा पक्षी होय. खाद्य काढून घेतल्यावर त्याच्या यकृतातील ग्लायकोजेनचा साठा एका दिवसाच्या आतच बहुतांश संपतो. तरीही रक्तशर्करा फारशी ढळत नाही. मुळात पोट भरलेल्या कोंबडीत ती १०० मि.लि. रक्तात २०० ते २५० मि.ग्रॅ. असते, माणसात हा आकडा मधुमेहाची शंका उत्पन्न करील! पक्ष्यांत ग्लुकागॉनचे वर्चस्व असते. उपवासात ते वाढते, इन्सुलिन घटते, मेद विरघळून मेदाम्ले व कीटोन द्रव्ये रक्तात येतात आणि यकृतातील नवमेदनिर्मिती मंदावते.

थायरॉईडचे वर्तन अधिक उद्बोधक आहे. टी-३ उतरते, टी-४ मात्र टिकते किंवा वाढते. ग्रंथी थकलेली नसते. यकृतातील टी-३चा नाश करणारे विकर वाढलेले असते. उष्णतानिर्मिती कमी होते आणि पुन्हा खाद्य मिळताच सारे पूर्वपदावर येते. (उन्हाळ्यात मरतूक टाळण्यासाठी कुक्कुटपालक दुपारचे खाद्य काढून घेतात, त्यामागेही शरीरातील उष्णता कमी करण्याचाच हेतू असतो.) वृद्धिसंप्रेरक वाढूनही आयजीएफ-१ घटते व वाढ खुंटते. ताणदर्शक कॉर्टिकोस्टेरॉनही वर चढते, हे दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

उपवासात टी-३ उतरणे मनुष्यातही दिसते. म्हणून दीर्घ लंघनातील रुग्णाच्या अहवालात टी-३ कमी आढळल्यास लगेच थायरॉईडविकाराचे निदान करू नये. शर्करेच्या बाबतीत मात्र कोंबडीचा दाखला घातक ठरेल. एकादशीस निराहार राहून ग्लिमेपिराईडची गोळी मात्र न चुकता घेतलेले एक गृहस्थ घामाघूम अवस्थेत आमच्याकडे आले, तेव्हा त्यांची शर्करा ५२ होती. कोंबडीच्या रक्तात असे औषध नव्हते!

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले असून उपवास हा त्यांपैकी केवळ एक आहे. रुग्णाचे बल पाहूनच त्यांतून निवड करावयाची असते. औषधालयचालकांनीही मेदोहर कल्प देताना ग्राहक मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेतो काय, हे आधी विचारावे आणि घेत असल्यास उपवासाचा सल्ला न देता त्यास वैद्याकडे पाठवावे.