शिंपल्याच्या अंड्यातील पूर्वतजवीज

नदीच्या वाळूत अर्धवट रुतून जन्मभर पाणी गाळीत राहणाऱ्या शिंपल्याची प्रजा प्रवाहाच्या वरच्या अंगाला कशी पोहोचते, हा प्रश्न सहज सुटणारा नाही. कारण समुद्रातील बहुतेक शिंपल्यांचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली अपक्व पिल्ले, अंगावरील सूक्ष्म लोम हालवीत दूरवर तरंगत जातात, पण तीच रीत नदीत पाळली गेली तर पाण्याचा ओघ त्यांना कायमचा खाली घेऊन जाईल.

युनिओ, ॲनोडोंटा इत्यादी शिंपल्यांनी हा प्रश्न मातेच्या कल्ल्यांत आणि माशाच्या अंगावर सोडविला आहे. नराने पाण्यात सोडलेल्या रेतपेशी मादी श्वासाच्या पाण्याबरोबर आत घेते, आणि फलित अंडी तिच्या कल्ल्यांच्या पोकळ्यांत वाढीस लागतात. तेथे आढळणारे असंख्य इवले जीव ही शिंपल्याचीच पिल्ले होत, हे लेव्हेनहूक या सूक्ष्मदर्शकतज्ज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस ओळखले होते. तरीही १७९७ साली राथके या विद्वानाने त्यांना परोपजीवी जंतू ठरवून स्वतंत्र नाव बहाल केले. तो निवाडा चुकीचा असला, तरी परोपजीवित्वाचा त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता, हे १८६६ साली लायडिग या प्राणिशास्त्रज्ञाला माशांच्या परांवर हे डिंभ सापडले तेव्हा दिसून आले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते फ्रँक लिली या अमेरिकन भ्रूणशास्त्रज्ञाने १८९५ साली प्रसिद्ध केलेले संशोधन. अंड्याची पहिलीच विभागणी असमान होते. पुढे मोठ्या भागाच्या वंशात एक पेशी विशेष थोराड निघते आणि तिच्यापासून कवच निर्माण करणारी ग्रंथी घडते, तर इतर मृदुकायांत पोहण्याचे अवयव घडविणाऱ्या पेशी येथे लहानच राहतात. या डिंभाला पोहावयाचे नसून कवच मिटून घट्ट पकड घ्यावयाची असते, आणि त्या कामाची तजवीज अंड्याच्या पहिल्या विभाजनापासूनच चालू झालेली असते, हे लिलीने एकेका पेशीचा माग काढून दाखविले.

ग्लोकिडियम नावाचा हा डिंभ बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. दोन शिंपा, त्या मिटविणारा एकच स्नायू, स्पर्श जाणणारे काही केस आणि कित्येक जातींत टोकाशी आकडे, एवढाच त्याचा सरंजाम. योग्य माशाचा कल्ला किंवा पर चिमटीत सापडला की काही तासांतच माशाची त्वचा त्याच्याभोवती वाढून कोश तयार होतो, आणि त्या कोशात जुना स्नायू विरून दोन नवे स्नायू, पाय व कल्ले यांची घडण होते. काम आटोपले की पिल्लू गळून तळाशी पडते. तोवर मासा प्रवाहाविरुद्ध पोहून गेला असेल तर तेही वर पोहोचलेले असते.

युरोपातील मोत्याच्या शिंपल्याची मादी एका हंगामात लाखो डिंभ सोडते. पण या डिंभांना सॅमन किंवा ट्राउट या माशांवाचून गत्यंतर नसल्याने, ते मासे नाहीसे झालेल्या नद्यांत शंभरी गाठणारे वृद्ध शिंपले हयात असूनही त्यांच्यात तरुण एकही आढळत नाही. म्हणून आता तिकडे काही ठिकाणी मासे हौदात ठेवून त्यांच्या कल्ल्यांवर मुद्दाम डिंभ बसविण्यात येतात आणि गळून पडलेली पिल्ले जोपासून नदीत सोडण्यात येतात.