बीजिंग ते चंद्रपूर: एकाच कोळशाचे दोन हिशेब

जानेवारी २०१३मध्ये बीजिंगवर असं काळपट धुकं उतरलं की समोरची इमारत दिसेना. त्याच वर्षी सप्टेंबरात चीननं हवा शुद्ध करण्याचा पाच वर्षांचा आराखडा जाहीर केला. पुढच्या मार्चमध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनी प्रदूषणाविरुद्ध युद्धच पुकारलं. २०१३मध्ये बीजिंगच्या हवेत पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल शिरणारे बारीक कण, घनमीटरला सुमारे ९० मायक्रोग्रॅम होते. २०१७मध्ये ते ५८वर आले, २०२४मध्ये तिशीच्या आसपास. हे फार मोठं यश आहे. पण याच काळात चीनचा कार्बन डायऑक्साइड घटला नाही, वाढला. आज जगाच्या उत्सर्जनातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका देशाचा आहे.

हवेतले हे कण आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही निघतात एकाच कोळशातून. पण धुराड्यापाशी राख विजेच्या भारानं ओढून धरता येते, गंधकाचा वायू चुनखडीच्या पाण्यानं धुऊन त्याचं जिप्सम करता येतं. कार्बन डायऑक्साइड या यंत्रांना दाद देत नाही. उलट चुनखडीतूनच त्याची थोडी भर पडते.

बीजिंगनं २०१७मध्ये शहरातलं शेवटचं मोठं कोळसा वीजकेंद्र बंद केलं, पण इनर मंगोलियातून तारांवरून वीज येत राहिली आणि तिथे कोळसा जळतच होता. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शेजारच्या हबेई प्रांतात खेड्यांतल्या कोळशाच्या शेगड्या काढून टाकल्या. गॅस वेळेवर पोचला नाही. थंडगार वर्गात बसवेना म्हणून एका शाळेत मुलांना बाहेर उन्हात बसवून शिकवावं लागलं. राजधानीच्या निळ्या आकाशाचा हिशेब मांडताना ही मुलं विसरता कामा नयेत.

युरोपात नेमकं उलट झालं. कार्बन कमी म्हणून डिझेल गाड्यांना सवलती दिल्या आणि शहरांच्या हवेत नायट्रोजन ऑक्साइड साचले. २०१५मध्ये फोक्सवॅगन या मोटार कंपनीची धुराच्या चाचण्यांमधली लबाडी उघडी पडली.

आपल्याकडे डिसेंबर २०१५मध्ये औष्णिक केंद्रांना एफजीडी, म्हणजे गंधक धुणारी यंत्रणा, बसवायला दोन वर्षांची मुदत दिली. ती पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. एफजीडीमुळे कार्बन वाढतो, हेही एक कारण पुढे केलं गेलं. वाढतो, हे खरं. पण कोळसा जळून जेवढा कार्बन निघतो त्यापुढे ती वाढ किरकोळ आहे. तिच्या आडून माणसांच्या श्वासाचा प्रश्न टाळणं मला मान्य नाही.

विदर्भातल्या चंद्रपूरला हा प्रश्न रोजचा आहे. २००९च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात या पट्ट्याला ८३.८८ गुण होते आणि देशातल्या सर्वांत प्रदूषित पट्ट्यांत त्याची गणना झाली. तिथलं औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं. चंद्रपूर–पडघा वाहिनी साडेसातशे किलोमीटर ओलांडून विदर्भातली वीज मुंबईजवळ आणते. राख आणि गंधक मात्र तिकडेच राहतात. मुंबई-ठाण्यात बटण दाबणाऱ्या आपण सगळ्यांनी चंद्रपूरची हवा सुधारण्याचा खर्च स्वतःच्या वीजबिलातून द्यायची तयारी ठेवावी, आणि तशी मागणीही आपणच करावी.