सोनोग्राफीत वाढलेला कॅन्सर

दक्षिण कोरियात 2011 साली थायरॉइडच्या कॅन्सरचे 40 हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडले. 1993च्या तुलनेत हे प्रमाण पंधरा पट होतं. पाण्यात विष कालवलं गेलं नव्हतं, की कुठे किरणोत्सर्ग झाला नव्हता. सरकारने 1999 मध्ये कॅन्सर-तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात थायरॉइड नव्हतं. पण हॉस्पिटलांनी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही देऊ केली. ‘आलोच आहोत तर तेही करून टाकू’ असं म्हणायला काही कोरियनच असावं लागत नाही!

हाताला कधीच लागली नसती अशी काही मिलिमीटरची गाठ सोनोग्राफीत दिसते. सुईने पेशी काढून तपासल्या की रिपोर्टवर ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ येतं. रिपोर्ट चुकीचा नसतो, गोम इथेच आहे. पेशी खरोखर कॅन्सरच्याच असतात, पण अशा बहुतेक गाठी जन्मभर काही उपद्रव देणार नसतात. फिनलंडमध्ये 101 शवविच्छेदनांत थायरॉइडचे पातळ काप करून पाहिले, तेव्हा 36 जणांत असा दडलेला कॅन्सर निघाला. हा अभ्यास 1985चा.

एवढे रुग्ण वेळेत पकडल्यावर कोरियातले मृत्यू घटायला हवे होते. ते होते तिथेच राहिले. वाढली ती ऑपरेशनं. पूर्ण ग्रंथी काढली की जन्मभर रोज गोळी आली. ऑपरेशन झालेल्या सुमारे 15 हजार जणांच्या नोंदी तपासल्या, तर 11 टक्के लोकांच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या ग्रंथी निकामी झाल्या होत्या आणि 2 टक्के लोकांच्या स्वरतंतूंना लकवा झाला होता. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचा आकडा मात्र झकास, जवळपास शंभर टक्के. जे या आजाराने मरणारच नव्हते, त्यांना वाचवल्याचं श्रेयही तपासणीच्याच खात्यात!

अखेर 2014 मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी, लक्षणं नसताना ही सोनोग्राफी करू नका, असं जाहीर आवाहन केलं. वर्षभरात ऑपरेशनं 35 टक्क्यांनी घटली. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने तर 1993 पासूनच बारीक गाठी लगेच न कापता त्यांच्यावर नुसती नजर ठेवायला सुरुवात केली होती. बहुतेक गाठी वर्षानुवर्षं वाढल्याच नाहीत.

गळ्याला गाठ लागत असेल, आवाज बसलेला सुटत नसेल, गिळताना अडत असेल, तर डॉक्टरांकडे जाच. तिथे सोनोग्राफी हवीच. पण ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात फुकट मिळतेय म्हणून ती करून घेऊ नका.