ग्राफिक्स कार्डाचा कूलर बदलताना

माहीमसारख्या समुद्रकाठच्या वस्तीत मे महिन्यात दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर असतो. पंखा कितीही मोठा लावा, कार्ड खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. त्यात दमट हवेने धूळ कूलरच्या पात्यांत घट्ट बसते. म्हणून आधी ती ब्रशने काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. एनव्हिडियाची अनेक कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. सफाईनंतरही तेच होत असेल, तरच नव्या कूलरवर पैसे घाला.

घेण्याआधी स्क्रूच्या भोकांमधलं अंतर जुळतंय का पाहा. जुना कूलर हिसका देऊन ओढू नका. किंचित फिरवत सोडवा, खालची पंख्याची बारीक वायर जपा. खरी मेख मेमरी आणि कूलर यांच्यामध्ये बसणाऱ्या थर्मल पॅडमध्ये आहे. जाडी अर्धा मिलिमीटर जास्त झाली, तरी कूलर चिपवर नीट टेकत नाही. कमी पडली, तर चिप थंड दिसते आणि मेमरी आतल्या आत तापत राहते.

पेस्ट, पॅड आणि जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लॅमिंग्टन रोडवर मिळतं. माहीमहून धीमी लोकल, ग्रँट रोडला उतरायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रू उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचा.