नोकरी सुटल्यानंतरचे नव्वद दिवस

कारखान्याच्या फाटकावर एके सकाळी सूचना लागते. मागणी घटल्यामुळे अमुक तारखेपासून इतक्या कामगारांना कामावरून कमी करण्यात येत आहे, एवढाच तिचा मजकूर असतो. पगार थांबतो, घरभाडे, मुलांची फी आणि वाण्याची उधारी मात्र थांबत नाही. अशा वेळी कामगार दुसऱ्या कामाच्या शोधात वणवण करू लागतो आणि कागदपत्रांचा विचार मागे पडतो. वास्तविक त्याच आठवड्यात त्याच्या हक्काच्या पैशांचा निकाल बऱ्याच अंशी लागत असतो.

नोकरी जाणे ही विम्याने भरून काढावयाची आपत्ती आहे, हा विचार आपल्या देशात उशिरा रुजला. कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ साली झाला. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात यांची तरतूद त्यात होती, बेकारीची नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो कामगारांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. त्या घरांना तगवले ते गावाकडच्या शेताने आणि घरातील स्त्रियांच्या कष्टांनी. विमा योजनेकडे त्यांच्यासाठी बेकारी भत्ता नव्हता.

ही उणीव पहिल्यांदा १ एप्रिल २००५ पासून भरून निघू लागली. त्या दिवशी लागू झालेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने कारखाना बंद पडल्यामुळे, कामगार कपातीमुळे किंवा कायमच्या अपंगत्वामुळे बेकार झालेल्या विमाधारकाला भत्ता देऊ केला. पुढे १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तिच्यात भत्त्याचा दर आरंभी सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के होता. २०२० च्या टाळेबंदीत असंख्यांचे काम गेले, तेव्हा २४ मार्च २०२० पासून तो ५० टक्के करण्यात आला. पूर्वी बेकारीचे ९० दिवस लोटल्यावर भत्ता मिळे, तो ३० दिवसांनंतर मिळू लागला. योजनेची मुदत एकदम न देता टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आहे. म्हणून अर्जाच्या वेळी लागू असलेला दर आणि मुदत शाखा कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

भत्ता किती मिळतो, हे उदाहरणाने समजेल. एखाद्या कामगाराचा मासिक पगार दोन वर्षे १४,६०० रुपये होता असे समजू. दोन वर्षांची कमाई ३,५०,४०० रुपये झाली. तिला ७३० दिवसांनी भागले की सरासरी रोजंदारी ४८० रुपये येते. तिच्या निम्मे २४० रुपये. हा भत्ता जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो, म्हणजे एकूण २१,६०० रुपये. रक्कम फार मोठी नाही. पण दोन-तीन महिन्यांचे भाडे आणि किराणा त्यातून निघतो, आणि सावकाराच्या दारात जाणे टळू शकते. नव्वद दिवसांची ही मर्यादा संपूर्ण आयुष्यासाठी आहे. त्यांपैकी काही दिवसच वापरले असतील, तर उरलेले पुढच्या बेकारीत मागता येतात.

हक्क मोजला जातो तो भरलेल्या वर्गणीवरून. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे असतात. बेकार होण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमायोग्य नोकरी झालेली असावी लागते. लगतच्या कालखंडात ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते, आणि आधीच्या तीन कालखंडांपैकी एकात तरी तितकीच. पगारातून कापलेली वर्गणी मालकाने प्रत्यक्ष भरली की नाही, हे नोकरीत असतानाच अधूनमधून तपासलेले बरे. पगारचिठ्ठ्या जपून ठेवण्याचा खरा उपयोग इथे कळतो.

तथापि सर्वांत नाजूक बाब आहे ती नोकरी सुटण्याच्या कारणाची. पुष्कळदा कामगाराला कार्यालयात बोलावून तयार राजीनाम्यावर सही मागितली जाते. ‘सही करा, हिशेब लगेच मिळेल,’ असे गोड शब्दांत सांगितले जाते. दोन दिवस आधी पैसे हातात येतील म्हणून तो सही करतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र कामावरून कमी केलेला कामगार आणि स्वतःहून गेलेला कामगार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची सूचना किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी नुकसानभरपाई द्यावी लागते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने घालून दिलेला हा दंडक औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही कायम आहे. राजीनामा दिला की ही भरपाई बुडते आणि राजीव गांधी योजनेचा मार्गही बंद होतो. विमा नोंदीतही मालक ‘नोकरी सोडली’ असे लिहितो की ‘कामगार कपात’, यावर पुढचे बरेच अवलंबून राहते. म्हणून कमी केल्याचे लेखी पत्र मागून घ्यावे, त्यावरील तारीख पाहावी, आणि न वाचता कशावरही सही करू नये. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेल्याला, निवृत्ताला आणि स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला अटल योजनेचा भत्ता मिळत नाही.

अर्ज मालकामार्फतच गेला पाहिजे, अशी जुनी अट २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. विमाधारक आता स्वतः शाखा कार्यालयाकडे मागणी करू शकतो. त्यासाठी आधार क्रमांक आणि बँक खाते विम्याच्या नोंदीशी जोडलेले असावे लागते, कारण पैसे थेट खात्यात जमा होतात. आधारवरचे नाव आणि विम्यातले नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकू शकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी ही दुरुस्ती आधीच करून घ्यावी. येणाऱ्या महिन्याचा भत्ता आगाऊ मागता येत नाही, लोटलेल्या दिवसांचाच मागता येतो. अर्जाची पोच आणि तिच्यावरचा क्रमांक जवळ ठेवावा. मध्येच दुसरे काम मिळाले, तर ते सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचाच भत्ता मागावा.