सुगीचा पैसा आणि बारा महिन्यांचा किराणा



बियाणं किती लागेल, खताच्या गोण्या किती आणायच्या, फवारणीला काय खर्च येईल, याचा अंदाज आपण पेरणीआधी बांधतो. घरच्या किराण्याचा हिशेब मात्र पुष्कळ घरांत दुकानदाराच्या वहीत असतो. तेल संपलं, पोराला पिशवी देऊन धाडलं. ‘लिहून ठेवा’ म्हणून निरोप दिला. सुगी झाली की दुकानात जाऊन आकडा ऐकायचा. तो ऐकला की घरधनी म्हणतो, ‘एवढं खाल्लं तरी काय?’ आणि घरधनीण म्हणते, ‘आणलं ते याच घरात शिजलं ना?’ दोघांचंही खरं असतं. खोट असते ती एकाच गोष्टीची, हिशेब कोणीच ठेवलेला नसतो.

नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो आणि किराणाही तो महिन्याला भरतो. आपलं तसं नाही. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, तुरीचा संक्रांतीनंतर. चूल मात्र रोज पेटते. म्हणून शेतकऱ्याने महिन्याचा खर्च आखायचा तो वर्षातून एकदा, सुगीचा पैसा हातात आला त्याच आठवड्यात.

उधारीची खरी किंमत

आता तुम्ही म्हणाल, उधारी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिच्यात एवढं काय बिघडलं? बघा. खातं चालू असलं की दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. भाव विचारायला संकोच वाटतो, वजनाबद्दल बोलायला जीभ रेटत नाही. पण हे नुकसान लहान आहे. मोठं नुकसान पुढं होतं.

दसऱ्याला दुकानाची बाकी द्यायचा शब्द दिलेला असतो. त्यामुळे सोयाबीन खळ्यावरून निघालं की नीट वाळवायलाही वेळ मिळत नाही. हमीभावाच्या खरेदीचा ओलाव्याचा नेहमीचा निकष १२ टक्के आहे. ओला माल तिथे परत येतो, आणि व्यापारी ओलाव्याची कपात धरून भाव करतो. त्यात आवक तुंबलेली असते. समजा, दहा क्विंटल माल क्विंटलमागे चारशे रुपये कमी भावाने गेला. चार हजार रुपये गेले. म्हणजे एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा कोणी न खाता संपला! उधारीचं हे व्याज कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं, म्हणून ते दिसत नाही.

आधी घरची बेगमी

किराण्याची यादी करण्यापूर्वी घरच्या शेतातून काय ठेवायचं ते ठरवा. सुगीला सगळं विकून टाकायचं आणि आषाढात तेच धान्य दुकानातून आणायचं, यात हमाली, अडत आणि दुकानदाराचा नफा असं तिन्ही आपल्याच खिशातून जातं.

सहा माणसांचं घर धरा. लहान-मोठे मिळून माणशी सरासरी ४०० ग्रॅम धान्य धरलं, तर दिवसाला २ किलो ४०० ग्रॅम, महिन्याला ७२ किलो आणि वर्षाला साधारण साडेआठ-पावणेनऊ क्विंटल धान्य लागतं. तुमची शिधापत्रिका प्राधान्य गटात असेल तर अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. सहा माणसांचे महिन्याला ३० किलो म्हणजे वर्षाचे ३६० किलो झाले. उरलेले पाच क्विंटल ज्वारी, गहू, बाजरी घरची ठेवली की भाकरीची चिंता मिटली. शिधापत्रिकेवर धान्य मिळत नसेल, तर कोठीत तेवढं जास्त ठेवा.

डाळीचं असंच. सहा माणसांना दिवसाला ३०० ग्रॅम डाळ धरली तर वर्षाला १०८ किलो लागते. क्विंटलभर तुरीची गिरणीत साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते. म्हणजे दीड क्विंटल तूर राखली की वर्षाचं वरण घरचं. थोडा मूग, थोडा हरभरा मिळून हीच बेगमी करा, म्हणजे तोंडालाही चव राहील.

धान्य ठेवताना चांगलं उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, गार होऊ द्या. कोठी भिंतीपासून दूर आणि फळीवर ठेवा. खाण्यासाठी ठेवायच्या कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा गोडंतेल चोळलं तर भुंग्याचा उपद्रव कमी होतो. एक मात्र लक्षात ठेवा. खाण्याच्या धान्यात कीटकनाशकाची पूड मिसळू नका, आणि धुरीच्या विषारी गोळ्या राहत्या घरात वापरू नका. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो.

पैशाची बारा महिन्यांत वाटणी

आता विकत घ्यायचा किराणा. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

एका घरी पीककर्ज, पुढचं बियाणं-खत आणि मुलांच्या शाळेचा खर्च बाजूला काढून सोयाबीनचे ३०,००० रुपये घरखर्चाला उरले. दारात एक गाय आहे. पेंड-चारा वजा जाता दुधाचे महिन्याला २,४०० रुपये सुटतात. पण गाय वर्षातले दोन महिने आटते, म्हणून दहाच महिने धरायचे. त्याचे २४,००० झाले. दोन्ही मिळून ५४,००० रुपये.

यातले ६,००० रुपये सण, पाहुणे, दुखणं-खुपणं यासाठी आधीच बाजूला काढा. दिवाळी, पोळा, गौरी-गणपती ही काही अचानक येत नाहीत; तरी दरवर्षी आपण त्यांच्यासाठी उधार आणतो. उरले ४८,०००. भागिले बारा, महिन्याला ४,००० रुपये. हीच आपली मेर. मेर एकदा बांधली की ती दरमहा फोडायची नाही.

हे ४,००० येणार कुठून? दुधाच्या दहा महिन्यांत २,४०० दुधाचे आणि १,६०० सोयाबीनच्या पैशातून. गाय आटेल त्या दोन महिन्यांत पूर्ण ४,००० सोयाबीनचे. बेरीज करून पाहा: १६,००० आणि ८,००० मिळून २४,०००, सणाचे ६,००० धरले की बरोबर ३०,०००.

हा पैसा घरात ठेवू नका. घरातल्या पैशाला पाय फुटतात. बँकेत किंवा टपाल कचेरीत घरधनिणीच्या नावावर वेगळं बचत खातं ठेवा आणि दर पहिल्या तारखेला ठरलेली रक्कमच काढा. मोबाईलवरून पैसे देता येतात ही सोय चांगली, पण त्यात नोट हातातून जाताना दिसत नाही. किराण्याच्या खात्याला मोबाईल जोडलाच नाही तर उत्तम.

महिन्याचे चार हजार असे वापरा

तीन वाटे करा.

पहिला वाटा २,६०० रुपयांचा. तेल, साखर, चहा, मीठ, गूळ, मसाला, पोहे-रवा, साबण असा महिन्याचा किराणा यादी करून एका खेपेत, रोखीने आणायचा. पोराच्या हाती रोज पिशवी द्यायची नाही.

दुसरा वाटा १,००० रुपयांचा. आठवडी बाजाराला दर खेपेस २५० प्रमाणे चार पाकिटं करून ठेवा. एका बाजाराचं पाकीट दुसऱ्या बाजारापूर्वी उघडायचं नाही.

तिसरा वाटा ४०० रुपयांचा, हाताशी. पाचवा बाजार पडला, पाहुणा आला, गॅस-शेगडीची बारीक दुरुस्ती निघाली, तर यातून. उरले तर सणाच्या पैशात टाका.

आणलेला किराणाही मोजून वापरला पाहिजे. तेल हे त्याचं चांगलं उदाहरण. तेलाचा डबा भरलेला असतो तेव्हा हात सैल सुटतो आणि वीस तारखेनंतर फोडणीला तेल शोधावं लागतं. यावर साधा उपाय आहे. महिन्याचं तेल आल्याबरोबर चार बरण्यांत सारखं वाटून ठेवा आणि आठवड्याला एक बरणी काढा. वर उरलेल्या दोन दिवसांसाठी प्रत्येक बरणीत थोडं राखा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात साधारण माणसाला दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास तेल-तूप पुरेसं धरलं आहे. सहा माणसांना महिन्याला पाच किलोच्या आत भागतं. त्याहून जास्त लागत असेल तर पैसाही जातो आणि तब्येतही.

तेल घेताना पिशवीवरचं वजन वाचा. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ते साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पिशव्या दिसायला लिटरच्या असतात, पण आत ८०० किंवा ८५० ग्रॅमच तेल असतं. किलोला काय भाव पडला तो काढा आणि मगच स्वस्त-महाग ठरवा. सुटा माल घेताना काटा शून्यावर आहे का, ते आधी पाहा. रोखीच्या गिऱ्हाइकाला हे विचारायचा हक्क आहे आणि लाजायचं कारण नाही.

बारीक गळती

पाटाला उंदराचं एक बीळ असलं तरी शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. घरखर्चाचंही तेच. दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं दिली तर महिन्याला ३०० रुपये होतात. त्या पैशात शेंगदाणे, गूळ, फुटाणे पुष्कळ येतात आणि ते अंगालाही लागतात. घरात दिवसाला दहा कप चहा होत असेल आणि कपाला १० ग्रॅम साखर पडत असेल, तर महिन्याला ३ किलो साखर नुसत्या चहात गेली. तंबाखू-गुटख्याचे पैसे किराण्यात लपवू नका, वहीत वेगळे लिहा. आकडा डोळ्यांपुढं आला की बोलायची गरज राहत नाही.

काटकसर म्हणजे उपास नव्हे

पैसा आखडला की आपल्या घरांत पहिली कात्री कुठं लागते? बाईच्या ताटाला आणि पोरांच्या दुधाला. हे करू नका. सगळं दूध डेअरीला घालून मुलांना कोरा चहा देणं हा हिशेब नव्हे. दूध मापण्याआधी मुलांचं दूध घरात काढून ठेवा. डाळ, भाजी, अंडी यांत कपात करण्याआधी पाकिटं, चहा-साखर आणि तळण यांत करा. मोरीचं पाणी जातं तिथे शेवग्याचं झाड, कढीपत्ता, चार वेल, थोडी मेथी-पालक लावली तर बाजाराचं पाकीट हलकं होतं आणि ताट भरतं.

अडचण आली तर

पंधरा तारखेला दोघांनी वही घेऊन दहा मिनिटं बसा. निम्म्याहून जास्त खर्च झाला असेल तर पुढच्या पंधरवड्यात काय थांबवायचं ते तेव्हाच ठरवा. अठ्ठावीस तारखेला कळून उपयोग नाही.

जुनी उधारी असेल तर दुकानदाराकडून पूर्ण बाकी लिहून घ्या. दरमहा ठरावीक रक्कम फेडा, प्रत्येक वेळी पावती घ्या, आणि त्या खात्यावर नवी वस्तू लिहू नका. जुनं फिटेपर्यंत सणाचा खर्च बेताने करा. एक वर्ष कठीण जाईल, पुढचं मोकळं येईल.

सुगीला पैशाची नड असेल आणि भाव पडलेला असेल, तर माल विकण्यापूर्वी आपल्या बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना १९९० पासून चालू आहे. सोयाबीन, तूर यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळतं. भाव बरा आला की माल विकून कर्ज फेडता येतं.

तर मंडळी, आजच मुलाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढा. गेल्या तीन महिन्यांत काय काय आणलं ते आठवून लिहा, दुकानदाराच्या वहीशी ताडून पाहा आणि तिसरा हिस्सा काढा. तुमचा आजचा महिन्याचा खर्च तोच. मग सुगीच्या पैशाला बाराने भागून तो बसतो का ते बघा. बसत नसेल तर काय कमी करायचं हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. मुलांनाही बसवा, त्यांना हिशेब लवकर कळतो.

येत्या दसऱ्याला दुकानाची बाकी नसली, तर सोयाबीन चार दिवस उन्हात वाळवायला तुम्हाला कोणाची परवानगी लागणार नाही. हे पत्रक कोठीघरात खुंटीला अडकवून ठेवा. राम राम.