स्मरणरंजन आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील बाहुलीपट

गतकालाविषयीच्या हुरहुरीस मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. संज्ञा सुबोध आहे. परंतु तिच्यातील ‘रंजन’ या पदामुळे त्या मनोवृत्तीतील वेदनेचा अंश झाकला जातो. पाश्चात्त्य संज्ञेत तो अंश मुळापासूनच होता. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला, आणि तो घडविला एका व्याधीचे नाव म्हणून. परमुलखात गेलेली माणसे मायदेशाच्या ओढीने झुरत, त्या झुरणीचे हे निदान होते. पुढे ही व्याधी वैद्यकाच्या कक्षेतून बाहेर पडली आणि स्थळाऐवजी काळाशी जोडली गेली. सोडलेल्या गावी परत जाता येते, सरलेल्या वयात जाता येत नाही, हा भेद त्यामुळे महत्त्वाचा ठरला.

भरताने स्मृतीची गणना व्यभिचारी भावांत केली आहे. ती स्वतंत्र रस उत्पन्न करीत नाही, अन्य भावांच्या साहाय्यास येते आणि जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये मात्र या संचारी भावास एक विलक्षण स्थिर आलंबन लाभले. ते म्हणजे १९६० ते १९८० या सुमारास लहान मुलांसाठी दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या, बाहुल्या हलवून चित्रित केलेल्या मालिका. १९९९ मध्ये बीबीसीने आपल्या बालकार्यक्रमांविषयी प्रेक्षकांचा कौल घेतला, तेव्हा अग्रस्थान ‘बॅगपस’ या मालिकेला मिळाले. तिचे अवघे तेरा भाग १९७४ मध्ये तयार झाले होते. चौदावा कधीच निघाला नाही. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर एवढी दीर्घ आठवण कशी पोसली गेली, हा प्रश्न केवळ कौतुकाचा नाही.

प्रथम या मालिकांच्या निर्मितीची पद्धती पाहणे अवश्य आहे. ‘स्टॉप-मोशन’ या तंत्रात बाहुली कॅमेऱ्यासमोर ठेवून एक चौकट टिपली जाते. मग बाहुलीचा हात किंवा मान हाताने किंचित हलवून पुढली टिपली जाते. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर एका सेकंदास २५ चौकटी लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या भागास १५,००० चौकटी झाल्या. प्रत्येक अवस्था दोनदा टिपून काटकसर केली तरी बाहुलीला साडेसात हजार वेळा स्पर्श करावा लागतो. सूत्रांवर नाचणाऱ्या बाहुलीला सूत्रधार खेळ चालू असताना हलवितो. येथे मात्र हलविणारा हात प्रत्येक चौकटीपूर्वी बाजूला घ्यावा लागतो. हात दिसत नाही, पण त्याची खूण राहते. लोकर किंचित विस्कटते, कापडाची सुरकुती एका चौकटीत असते आणि पुढच्या चौकटीत नसते. त्यामुळे बाहुली स्थिर उभी असतानाही तिच्या अंगावर एक सूक्ष्म थरथर दिसते. शास्त्रदृष्ट्या हा दोष होय. या चित्रपटांच्या चाहत्यांना मात्र नेमका तोच हवाहवासा वाटतो.

अशा निर्मितीचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे केंट परगण्यातील कँटरबरीजवळच्या ब्लीन या गावचा एक रिकामा पडलेला गोठा. तो पीटर फर्मिन (१९२८–२०१८) या चित्रकाराच्या शेतावर होता. त्याचा सहकारी ऑलिव्हर पोस्टगेट (१९२५–२००८) कथा लिही, कॅमेरा चालवी, बाहुल्या हलवी आणि निवेदनही स्वतःच करी. चित्रे आणि बाहुल्या घडविण्याचे काम फर्मिनचे. ‘स्मॉलफिल्म्स’ हे त्यांच्या संस्थेचे नाव शब्दशः खरे होते. १९६९ मध्ये त्यांनी ‘क्लँगर्स’ ही मालिका आणली. त्यातील चंद्रासारख्या एका लहानशा गोलावर राहणारे गुलाबी, उंदरासारखे प्राणी फर्मिनची पत्नी जोन हिने लोकरीने विणले होते. हे प्राणी शब्द बोलत नसत, शिट्ट्यांच्या स्वरांतून बोलत. तथापि पोस्टगेट प्रत्येक संवाद आधी इंग्रजीत पूर्ण लिही आणि मग त्या वाक्यांचे चढउतार सरकत्या दट्ट्याच्या शिट्टीवर वाजविले जात. एका संहितेत अडकलेल्या दरवाजावर चिडून काढलेला एक अपशब्द होता. प्रक्षेपणात केवळ शिट्टीच ऐकू येणार असतानाही बीबीसीने त्यास आक्षेप घेतला, ही हकीकत पोस्टगेट मोठ्या चवीने सांगत असे.

दुसरा निर्माता गॉर्डन मरे (१९२१–२०१६). ‘कॅम्बरविक ग्रीन’ (१९६६), ‘ट्रम्प्टन’ (१९६७) आणि ‘चिग्ली’ (१९६९) या त्याच्या तीन मालिका एकाच काल्पनिक प्रदेशात घडतात. प्रत्येकीचे भाग तेराच. बाहुल्यांची डोकी टेबल टेनिसच्या चेंडूंची होती. बॉब ब्युरा व जॉन हार्डविक यांनी त्या हलविल्या, फ्रेडी फिलिप्सने गाणी व संगीत दिले आणि ब्रायन कँटने निवेदन केले. खेडे, बाजारपेठेचे गाव आणि कारखान्याची वस्ती अशी ही त्रयी आहे. तीत पोस्टमन, पोलीस, बेकरीवाला, डॉक्टर असे सर्व आपापल्या कामात मग्न असतात आणि दिवस सुरळीत पार पडतो.

लोकांची समजूत अशी, की या मालिका त्या काळच्या निरागस इंग्लंडचे चित्र आहेत आणि म्हणून त्यांची आठवण येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. हे इंग्लंड मालिका तयार झाल्या तेव्हाही अस्तित्वात नव्हते. ‘कॅम्बरविक ग्रीन’मध्ये विंडी मिलर पवनचक्कीवर दळण दळतो, यंत्रांचा अभिमानी शेतकरी त्याची थट्टा करतो, डॉक्टर उंच टोपी घालून जुनाट मोटार हाकतो. ‘चिग्ली’मध्ये एक लॉर्ड आपले वाफेचे इंजिन स्वतः चालवून गावकऱ्यांच्या मालाची ने-आण करतो, आणि सहाचा भोंगा होताच बिस्किटांच्या कारखान्यातील कामगार त्याच्या उद्यानात नाचावयास जमतात. ही मालिका ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली. ब्रिटिश रेल्वेची वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा ऑगस्ट १९६८ मध्येच संपली होती, आणि १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली होती. म्हणजे १९६९ मधील पाच वर्षांच्या मुलापुढे जे ठेवले गेले, ते त्याच्या आईवडिलांच्या, किंबहुना आजोबांच्या, हुरहुरीचे विषय होते. त्या मुलाने मोठेपणी त्याची आठवण आपले बालपण म्हणून काढली. स्मरणाचा विषय स्वतःच एक स्मरण होते.

‘बॅगपस’मध्ये ही रचना उघडपणे दिसते. मालिकेच्या आरंभी तपकिरी रंगाची जुन्या पद्धतीची छायाचित्रे येतात. त्यांत जुन्या काळचा पोशाख केलेली एमिली नावाची मुलगी दिसते. ती फर्मिनचीच कन्या होय. तिचे एक दुकान आहे, पण त्यात काहीही विकले जात नाही. सापडलेल्या, मोडक्या वस्तू ती आणून जुन्या कापडी मांजरासमोर ठेवते. मांजर जागे होते आणि चित्रात रंग भरतात. मग उंदीर, चिंध्यांची बाहुली, बेडूक आणि प्रोफेसर याफल हा लाकडी सुतारपक्षी ती वस्तू काय असावी यावर वाद घालतात, ती दुरुस्त करतात, आणि मूळ मालक येता-जाता तिला ओळखील या आशेने दुकानाच्या खिडकीत मांडतात. शेवटी मांजर झोपते आणि सर्व पुन्हा तपकिरी होते. (प्रोफेसर याफल हा बर्ट्रांड रसेल आणि आपला काका जी. डी. एच. कोल यांच्यावरून सुचला, असे पोस्टगेट म्हणे. ज्ञानी माणसाच्या कोरडेपणाची एवढी प्रेमळ टवाळी बालवाङ्मयात विरळा.) मालक कधीही येत नाही, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. हरवलेली वस्तू नीट होते, परंतु परत जात नाही.

तपकिरीतून रंगात होणारे हे संक्रमण या मालिकेचा प्राण समजले जाते. परंतु १९७४ मध्ये अनेक ब्रिटिश घरांत अद्याप कृष्णधवल संचच होते. त्या घरांतील मुलांना हा बदल करड्यातून करड्यात होताना दिसला असणार. मरेच्या तिन्ही मालिका तर रंगीत चित्रित झाल्या असूनही त्यांचे पहिले प्रक्षेपण बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर रंग येण्यापूर्वीचे आहे, कारण तेथे रंगीत सेवा नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झाली. १९६६ मधल्या प्रेक्षकाच्या आठवणीतील रंग नंतरच्या पुनःप्रक्षेपणांनी पुरविलेले आहेत. हेच भाग पुढे वर्षानुवर्षे, १९८० नंतरच्या दशकातही, पुन्हा दाखविले जात. घरोघरी ध्वनिचित्रमुद्रणाची सोय होण्यापूर्वी तेरा भागांचे हे चक्र ठरल्या वेळी, सर्व मुलांसमोर एकदमच फिरे. व्रतकथा जशी दरवर्षी तीच असते आणि म्हणूनच ऐकली जाते, तशी ही पुनरावृत्ती होती. थोरल्या आणि धाकट्या भावंडांत दहा वर्षांचे अंतर असूनही दोघांची आठवण एकच राहिली, ती यामुळे.

या गावांतील शांततेचाही विचार करावयास हवा. ट्रम्प्टनचे अग्निशामक दल प्रत्येक भागात सज्ज होऊन निघते, पण त्याला एकदाही आग विझवावी लागत नाही. मांजर सोडवणे, फलक लावणे असलीच कामे त्याच्या वाट्यास येतात. यात मरेच्या सौम्य प्रकृतीचा भाग आहेच. परंतु ज्वाला, धूर आणि पाणी चौकटी-चौकटीने हलविणे या तंत्रात अतिशय दुष्कर, हेही तितकेच खरे कारण आहे. टीकाकार ज्या गोष्टीला इंग्रजी ग्रामजीवनाचे आदर्शीकरण म्हणतात, तिचा काही अंश टेबलावरच्या अडचणीतून आलेला आहे.

आठवण जे गाळते तेही थोडे नाही. ‘बॅगपस’चे पहिले प्रक्षेपण १२ फेब्रुवारी १९७४ रोजी झाले. त्या वेळी खाणकामगारांशी चाललेल्या संघर्षामुळे ब्रिटनमधील बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती; १ जानेवारीपासून ७ मार्चपर्यंत ही स्थिती होती. पोस्टगेट हा मजूर पक्षाचा नेता जॉर्ज लान्सबरी याचा नातू. दुसऱ्या महायुद्धात सैनिकी गणवेश चढविण्यास नकार दिल्याबद्दल त्याने तुरुंगवास भोगला होता, आणि उत्तरायुष्यात तो अण्वस्त्रविरोधी प्रचारात पडला. १० ऑक्टोबर १९७४ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी, क्लँगर्सचा एक विशेष भाग प्रक्षेपित झाला. निवेदक त्या प्राण्यांना पक्षीय राजकारणाचे महत्त्व पटवू पाहतो आणि ते शिट्ट्या वाजवून ते साफ नाकारतात. आज आठवतात ती लोकरीची अंगे आणि व्हर्नन इलियटचे मृदू संगीत. राजकारणाचा उपहास बहुतेकांना आठवत नाही.

साउदॅम्प्टन विद्यापीठातील टिम विल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की एकाकीपणासारख्या खिन्न मनःस्थितीत स्मरणरंजन जागे होते आणि ते जिवलगांशी असलेल्या संबंधांची जाणीव बळकट करते. वृत्ती रोगट नाही, उपकारक आहे, हा त्याचा रोख होय. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात केलेला भेद मात्र येथे अधिक उपयोगी पडतो. एक वृत्ती गेलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहते. दुसरी त्याच्या नसण्यावरच चिंतन करते. मे २०१६ मध्ये ‘रेडिओहेड’ या वाद्यवृंदाच्या एका गीताचे दृश्यचित्रण प्रसिद्ध झाले. ते मरेच्या बाहुल्यांच्या शैलीत होते, पण त्यातील टापटीप गावकरी बाहेरून आलेल्या एका पाहुण्यास जाळावयास निघतात. मरेच्या कुटुंबीयांनी त्याविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही त्या चित्रणाचा आघात प्रेक्षकाच्या मूळ जिव्हाळ्यावरच उभा होता, हे मान्य करावे लागते. ज्याला ट्रम्प्टन आठवत नाही, त्याला त्यातील भय अर्धेच कळते.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्नही झाले. ‘फायरमन सॅम’ ही १९८७ ची बाहुल्यांची मालिका २००८ पासून संगणकावर रचली जाऊ लागली. ‘क्लँगर्स’ २०१५ मध्ये मायकेल पेलिन यांच्या निवेदनासह परत आले, तेव्हा मात्र विणलेल्या बाहुल्या आणि चौकटीगणिक हलविणारे हात कायम ठेवण्यात आले. वृद्ध फर्मिनही त्या कामात सहभागी होता. लोकरीची थरथर संगणकावर टाळता आली असती. ती राखण्यासाठीच हा अधिक खर्चाचा मार्ग पत्करला गेला, असे दिसते.

१९८७ मध्ये केंट विद्यापीठाने पोस्टगेटला सन्माननीय पदवी दिली, तेव्हा ती खरोखर बॅगपसचीच आहे असे तो म्हणाला, आणि पुढे ते मांजर पदवीधराच्या झग्यात प्रदर्शित करण्यात आले. मरेचा मार्ग नेमका उलटा. त्याने १९८० नंतरच्या दशकात आपल्या जवळजवळ सर्व बाहुल्या बागेत रचून पेटवून दिल्या. त्यामुळे विंडी मिलर आज केवळ फिल्मवर, एका सेकंदाच्या २५ चौकटींत उरला आहे, आणि संग्रहालयाच्या काचेमागे ठेवण्यासारखे त्या गावातील फारसे काही शिल्लक नाही.